झरनाकचा अर्थ

हे मी लिहिणार नव्हतो. सुरू केलं, पुसलं, परत सुरू केलं. मोबाइलवर टाइप करतोय, गाळ्यात गिऱ्हाईक आलं की थांबतोय, त्यामुळे तुटक तुटक येईल. सांभाळून घ्या.

माणसांची नावं बदललीत. शब्दही बदललाय, कारण मूळ शब्द लिहिला तर ज्यांनी ओळखू नये तेच ओळखतील. त्याच चालीचा दुसरा शब्द शोधताना माझा जीव गेला. मूळ शब्द ह्याहून भारी होता, एवढंच सांगतो.

एका शब्दाची चोरी झाली. चोर सापडला. सापडून काही उपयोग झाला नाही. ज्यांना शेवट गोड लागतो त्यांनी इथूनच मागं फिरावं.

१

मी समाधान. मूळचा पेठ तालुक्याचा. नाशकात द्वारका चौकाजवळ एका गाळ्यात लेबलं डिझाइन करतो. पापड, लोणची, साबण, अगरबत्ती, जे येईल ते. कॉलेज झालं नाही. जे काही येतं ते व्हिडिओ बघून आणि हात मारून. लोक लोगो करायला येतात आणि पायरी उतरताना एकच विचारतात, "नाव आपलंच राहील ना?" रोज तेच विचारायला लागले म्हणून मी ट्रेडमार्कचं वाचायला लागलो. मी वकील नाही, एजंटही नाही. पण सर्च मारून द्यायचो, दोन गोष्टी समजावून सांगायचो.

फरहान माझा शेजारचा गाळेवाला. गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवतो. आधी त्याचे अब्बा शिवायचे. त्यांच्या हातातली कात्री आता ह्याच्या हातात आहे.

त्या दिवशी सकाळी फरहान गंगापूर रोडच्या एका किराणा दुकानात मसाल्याची पाकिटं द्यायला गेला होता. त्याच्या अम्मीचा मिसळीचा मसाला. दुकानदाराला फिरून फिरून कसाबसा तयार केला होता, पहिलाच माल. तो पिशवी घेऊन आत गेला तर दुकानदार म्हणाला, "आत्ताच तर तुझा माणूस ठेवून गेला की. आणि पाकीट लय भारी केलंस, ते नाक काढून टाकलंस ते बरं झालं."

फरहान रॅककडे बघतच राहिला. सोनेरी पाकिटांची रांग. वर मोठ्या अक्षरात 'झरनाक'. बाजूला बारीक टीएम.

त्याचं पाकीट लाल होतं, त्यावर मी काढलेलं एक गळकं नाक होतं. नाव तेच. झरनाक.

एक सोनेरी पाकीट विकत घेऊन तो सरळ माझ्याकडे आला.  माझ्या कीबोर्डवर ते पाकीट ठेवलं आणि स्टुलावर बसला.

२

शब्द कुठून आला ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अब्बा होते तेव्हाची गोष्ट. चांदवडहून हारुनमामू आले होते, म्हणजे फरहानच्या अम्मीचा भाऊ. मामूंचा दावा असा की आपल्याला मिरची लागत नाही. नूरबानोचाचीने, म्हणजे फरहानच्या अम्मीने, मिसळ वाढली. मामूंनी पाव मोडला, रस्सा ओरपला, आणि नाक जे वाहायला लागलं ते थांबेना. सदऱ्याच्या बाहीने पुसतायत, तरी म्हणतायत, कुठं काय, काहीच नाही. अब्बा हसून हसून आडवे. म्हणाले, "खतरनाक नही है ये. झरनाक है."

नाक झरतं म्हणून झरनाक. बस. तेव्हापासून गल्लीत त्या मसाल्याला तेच नाव. बायका दारात येऊन म्हणायच्या, चाची, झरनाक द्या. अब्बा गेल्यावर चाचीने मसाला विकायला घेतला तो ह्याच नावावर. साध्या पिशवीत, लेबल नाही, काही नाही. ऑर्डरी फरहानची बहीण अरिबा तिच्या मोबाइलवर घ्यायची. अरिबाचं लग्न ठरलं, ती मालेगावला जाणार, म्हणून फरहानने ठरवलं, आता नीट पाकिटात करू.

चाचीचा हा पहिला स्वतःचा धंदा. आणि अब्बांनी मागं ठेवलेला एकुलता एक शब्द. गाळा भाड्याचा आहे, मशीन जुनं आहे. शब्दच काय तो त्यांचा होता.

सोनेरी पाकीट मी उलटं केलं. मागं लिहिलं होतं: 'झरनाक. हैदराबादच्या शाही दस्तरख्वानावरचा जुना फारसी शब्द. ज़र म्हणजे सोनं. सोन्याने भरलेला स्वाद.'

मी म्हटलं, शाही पंगत काय, दस्तरख्वान काय, मार्केटिंगवाले काय वाट्टेल ते लिहितात.

तिथंच मी चुकलो. चोराने सही करून ठेवली होती आणि मी ती हसून बाजूला सारली.

३

फरहानचं म्हणणं, नाव आपलंच आहे. फूड लायसन्स आपल्या नावावर, जीएसटी आहे, इन्स्टाचं पेज आहे, मग दुसरा कसा वापरू शकतो?

हे मला रोज कुणीतरी विचारतं. लायसन्स म्हणजे तुम्ही खायचा माल विकू शकता. जीएसटी म्हणजे तुम्ही कर भरता. पेज म्हणजे पेज. ह्यातलं काहीही नावावर हक्क देत नाही. नावाचा अर्ज वेगळा करावा लागतो. मी त्याला सांगितलं होतं, तो म्हणाला होता, पहिले विकून तर बघू. सगळे हेच म्हणतात.

सरकारी साइटवर सर्च मारला. मसाल्याचा वर्ग तीस. 'झरनाक' टाकलं आणि आलं. अर्जदार तबस्सुम शेख, धंद्याचं नाव टी. एस. फूड्स. जाहिरात प्रसिद्ध झालेली. म्हणजे जर्नलमध्ये छापून आलं की चार महिने मिळतात, ज्याला हरकत घ्यायची त्याने घ्यावी. त्यातले बरेच सरले होते. थोडे उरले होते.

अर्जाची तारीख बघितली. अरिबाच्या लग्नाच्या सुमाराची. तेव्हा फरहानचं एकही पाकीट छापलेलं नव्हतं. पेजही नव्हतं. छपाई लग्नाच्या धावपळीत मागं पडली होती. म्हणजे बाजारात बघून कुणी ढापलं नव्हतं. शब्द तेव्हा फक्त गल्लीत होता आणि आमच्या चार माणसांत. पाकिटाचं प्रूफ छपाईवाल्या गोरक्षकडे गेलं होतं. रील बनवणाऱ्या निकिताशी बोलणं झालं होतं. आणि घरचे.

मी म्हटलं, तबस्सुम कोण?

"शेख आहेत किती यार," फरहान म्हणाला. "पत्ता बघ."

पत्ता चांदवडचा होता. हायवेलगतचा.

फरहान स्क्रीनकडे बघत होता. चांदवडला त्याचं ओळखीचं एकच घर होतं.

४

तो लगेच मामूंकडे निघाला होता. मी अडवलं. म्हटलं, आधी बाकीच्यांना विचारू, घरच्या माणसावर एकदा बोट दाखवलं की परत घेता येत नाही.

गोरक्षचा अंबडच्या एमआयडीसीत पाकिटं छापायचा कारखाना आहे. धिप्पाड माणूस. मला समाधानशेठ म्हणतो, कारण मी शेठ नाही. सोनेरी पाकीट त्याने उजेडात धरलं, कडा चोळून बघितली. म्हणाला हे आपल्याकडचं नाय, कागद हलका हे. मग प्रश्न कळला आणि त्याचा चेहरा उतरला.

"शेठ, मी तुमचं नाव विकलं असं म्हणताय?"

फरहान म्हणाला, विचारतोय फक्त.

गोरक्षने मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं आमच्या पाकिटाचं पहिलं प्रूफ चिकटवलेलं होतं, मोठं लाल नाक, थेंब गळतोय. येईल त्या गिऱ्हाइकाला तो ते दाखवायचा. "लय पाकिटं छापली आयुष्यात. गळणारं नाक हे पहिलंच. मला इकायचं असतं तर नाकासकट इकलं असतं. नाकात तर मजा हे. हे सोनंबिनं मला सुचलंच नसतं."

बाहेर आल्यावर मी फरहानला म्हटलं, खरं बोलतोय वाटतं. फरहान म्हणाला, खोटं बोलणाराही असंच बोलेल.

निकिता गंगापूर रोडला एका कॅफेत भेटली. मसाल्याचं पहिलं रील तिचंच, चाची रस्सा ढवळतायत आणि नाक पदराने पुसतायत. ती चिडली. आम्हाला बसूही दिलं नाही धड. म्हणाली, "दादा, तुमच्या पेजचा पासवर्ड कुणाकडे आहे? माझ्याकडे. मला चोरायचंच असतं तर मी अख्खं पेज नेलं असतं, नुसता शब्द कशाला नेऊ?"

 पासवर्ड खरंच तिच्याकडे होता. आजही आहे.

मग तिने सोनेरी पाकीट उलटं करून वाचलं आणि नाक मुरडलं. म्हणाली, ज्याने हे लिहिलंय त्याला जोक कळलेलाच नाही.

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. तेव्हा का अडकलं ते कळलं नाही.

५

चांदवडला मी सोबत गेलो ते चूक झालं. एकटा गेला असता तर कदाचित चहा पिऊन परत आला असता. मी होतो म्हणून त्याला सगळं नीट मांडावंसं वाटलं, वकिलासारखं.

हारुनमामूंनी आधी खुर्च्या पुसल्या. कांद्याचा विषय काढला, मग अरिबाचा, ती आता पोटुशी आहे, पहिलं बाळंतपण नाशिकलाच ना, वगैरे. फरहानने पाकीट काढून समोर ठेवलं. तारीख सांगितली. पत्ता सांगितला. मग म्हणाला, "मामू, तबस्सुम कौन है?"

मामू पाकिटाकडे बघत राहिले.  मला वाटलं, सापडले.

"इथं शंभर तबस्सुम असतील," ते म्हणाले. "तू मला विचारतोस म्हणजे तू ठरवून आलास."

फरहान म्हणाला, पत्ता चांदवडचा आहे, शब्द माहीत असलेले चांदवडचे फक्त तुम्ही आहात.

मामूंनी पाकीट उचलून त्याच्या हातात दिलं. आवाज चढवला नाही. "तेरे अब्बाने मेरी नाक पे वो लफ्ज बनाया. गल्लीभर लोक हसले माझ्यावर. मी पण हसलो. मी ते विकीन? लय शिकलास तू." मग आत वळून मामीला सांगितलं, चहा टाकू नको, हे निघालेत.

एसटीत फरहान खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी त्याला म्हणणार होतो, मामू रागावले म्हणजे ते निर्दोष असं नाही. पण म्हटलं नाही. कारण मामूंच्या बोलण्यातलं एक मला टोचत होतं आणि निकिताचं वाक्य त्याच्या शेजारी येऊन बसलं होतं.

६

इथं मी गोष्ट थांबवून सांगतो मला काय दिसलं. तुम्हाला आधीच दिसलं असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार.

गोरक्षला नाक माहीत होतं. त्याच्या भिंतीवर आहे. निकिताला नाक माहीत होतं, तिनेच शूट केलं. मामूंना तर माहीत असणारच, नाकच त्यांचं. गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. ह्यांच्यापैकी कुणीही तो शब्द पुढं दिला असता तर हसत हसत नाकासकट दिला असता. शब्द सांगायचा आणि नाक सांगायचं नाही, हे जमतच नाही. सगळी गंमत त्यातच आहे.

पण सोनेरी पाकीटवाल्यांना नाक माहीतच नव्हतं. बरं, त्यांनी स्वतः काहीतरी अर्थ बनवला असेल असं मी म्हटलं. बनवलाच असता तर 'झणझणीत'कडे गेले असते, झऱ्याकडे गेले असते. घरात उर्दू असेल म्हणून सोनं सुचलं असं धरलं, तरी पुढचं काय? हैदराबाद कुठून आलं? दस्तरख्वान कुठून आलं? हे एवढं तपशीलवार कुणीतरी त्यांना सांगितलेलं होतं. सांगणारा उर्दू जाणणारा होता, कारण ज़र आणि झर आपल्या तोंडात जवळजवळ एकच होतात हे त्याला झटक्यात सुचलं. आणि सांगणाऱ्याला नाकाची लाज वाटली होती.

लाज कुणाला वाटेल?

मी फरहानला विचारलं, सोनेरी पाकीट चाचींना दाखवलंस का? तो म्हणाला, नाही, तिला धक्का बसेल.

मी म्हटलं, आज दाखवू.

७

चाची दुपारचं जेवण आवरून मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, बैठ बेटा, हात लावू नको, डोळ्याला लावशील. पाकिटाची पुढची बाजू मी तळहाताने झाकून धरली होती. फरहान दारातच उभा राहिला.

म्हटलं, चाची, एका ठिकाणी एक मजकूर छापलाय, वाचून दाखवतो. आणि सुरू केलं. "झरनाक. हैदराबादच्या शाही दस्तरख्वानावरचा..."

"पुराना फारसी लफ्ज," चाची म्हणाल्या. देठ काढता काढताच. "ज़र म्हणजे सोनं."

मग त्यांचा हात थांबला. मी पुढचं वाचलंच नव्हतं.

फरहान म्हणाला, "अम्मी, हे कुणाला सांगितलं होतंस?"

त्यांनी देठांचं ताट बाजूला सारलं. मग हळूहळू आलं. अरिबाचा रिश्ता बघायला मालेगावहून लोक आले होते तेव्हा. अब्बा नव्हते. चाची एकट्या, समोर मोठं घर, यंत्रमागवाले, चार बायका नीट कपड्यात बसलेल्या. मिसळ वाढली. अरिबाच्या तोंडून निघून गेलं की हे आमचं झरनाक. पाहुण्यांतली थोरली सून, अरिबाची होणारी जाऊ, ती कौतुकाने म्हणाली, कितना अच्छा नाम है, मतलब क्या है इसका?

"आता काय सांगू त्यांना?" चाची म्हणाल्या. "जेवणावर बसलेत. पोरगी बघायला आलेत. त्यांना म्हणू का नाक गळतं?"

म्हणून त्यांनी सांगितलं, फारसी लफ्ज आहे. मग सून विचारत गेली आणि त्या सांगत गेल्या. फरहानचे परदादा हैदराबादला होते म्हणून सांगितलं. कुणी नव्हतं. परदादा सटाण्याच्या पुढं कधी गेले नाहीत. ती म्हणाली, म्हणजे हा जुना शब्द आहे? चाची म्हणाल्या, हो, लय जुना, पूर्वी सगळे म्हणायचे.

मी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

फरहानने विचारलं, "त्या बड्या भाभीचं माहेर कुठलं?"

"चांदवड."

"आणि नाव?"

लग्न होऊन इतके दिवस झाले होते, तरी फरहानला ते माहीत नव्हतं. बहिणीच्या जावेला भाऊ बडी भाभीच म्हणतो, नाव कोण विचारतं. चाचींनी पाकिटाकडे बघितलं. त्यांना आता कळलं होतं.

"तबस्सुम," त्या म्हणाल्या.

८

नंतर कळत गेलं. मालेगावचे माग बंद पडले. अरिबाचा थोरला दीर बायकोच्या माहेरी, चांदवडला, हायवेवर जागा घेऊन मसाल्यात उतरला. तबस्सुमच्या नावावर. नाव शोधत होते आणि तिला ते जुनं, शाही, कुणाच्याच मालकीचं नसलेलं नाव आठवलं.

मी ह्यावर फार विचार केला. कायद्यात सगळ्यात पक्कं नाव कुठलं, तर जे आधी भाषेतच नव्हतं, कुणीतरी घडवलं. अब्बांनी घडवलं होतं. चाचींनी लाजेपोटी त्याला जुनं करून टाकलं, सगळ्यांचं करून टाकलं. "माझ्या नवऱ्याने केलेला शब्द आहे" असं म्हटल्या असत्या तर तबस्सुमने कदाचित हात लावला नसता. कदाचित लावलाही असता. आता कसं कळणार.

हे मी त्यांना बोललो नाही. पण त्या स्वतःच एकदा म्हणाल्या, मीच देऊन टाकलं ना रे.

तरी मी हटलो नव्हतो. हरकतीची मुदत चालू होती. एका एजंटशी बोललो. तो म्हणाला, अर्ज त्यांचा आधीचा असला तरी तुमचा वापर त्याच्याही आधीचा आहे हे दाखवलं तर केस आहे, चांगली आहे. पाकिटं नंतरची, ती चालणार नाहीत. पिशवीतून विकायचात तेव्हाचं काय आहे?

तेव्हाचं होतं. ऑर्डरींचे मेसेज. 'चाची झरनाक अर्धा किलो.' 'झरनाक उद्या मिळेल का.' तारखांसकट, ढिगाने. सगळे अरिबाच्या मोबाइलवर.

एजंट म्हणाला, मग सोपं आहे, बहिणीचं प्रतिज्ञापत्र घ्या.

मी फरहानकडे बघितलं. तो हसला. वाईट हसला.

अरिबाने कागदावर शपथेवर सांगायचं, की माझ्या जावेने माझ्या माहेरचं चोरलं. आणि सही करून परत त्याच घरी जायचं. तिथंच मूल वाढवायचं.

चाचींना विचारलं. त्या म्हणाल्या, "एक लफ्ज के लिए लडकी को वापस लाऊ?" आणि मिरच्या पाखडायला लागल्या. परत तो विषय त्यांनी काढू दिला नाही.

अरिबाला माहीत आहे का, हे आम्हाला अजून नक्की माहीत नाही. ती आठवड्यातून फोन करते. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, आज ऑर्डर आली का. आता सगळं विचारते. अम्मीचे गुडघे, फरहानचं मशीन, गल्लीतली मांजर. मसाल्याचं नाव काढत नाही.

फरहान मामूंकडे जाऊन आला. म्हणाला, मामू, तुम्ही नव्हतात, माफ करा. मामूंनी विचारलं, "मग कोण होतं?" ह्याला सांगता येईना. सांगितलं असतं तर मामू त्याच पावली तबस्सुमच्या दारात जाऊन उभे राहिले असते. हा गप्प बसला. मामूंना वाटलं, ह्याचा अजूनही आपल्यावरच संशय आहे, वरवर माफी मागायला आलाय. ईदला ते आले नाहीत.

म्हणजे चोर सापडल्यावर हे झालं. चोराला काही म्हणता येत नाही आणि जो चोर नव्हता तो गेला.

मी म्हटलं, दुसरं नाव ठेवू, मी फुकट करून देतो, अर्जही आधी टाकू. नावं सुचवली. चाचींनी ऐकून घेतली. चांगली आहेत म्हणाल्या. गोरक्षकडची उरलेली लाल पाकिटं रद्दीत गेली. गंगापूर रोडच्या दुकानदाराने फरहानला परत विचारलं नाही, त्याच्याकडे माल आहे.

आता चाची पूर्वीसारख्या साध्या पिशवीत बांधून देतात. गल्लीतल्या बायका अजून म्हणतात, झरनाक द्या. चाची पिशवी देतात. 

९

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी फरहानच्या गाळ्यात गेलो. हरकतीचा अर्ज एजंटने भरून ठेवला होता, फक्त हो म्हणायचं होतं. एका जुन्या जीपचं सीट त्याच्या समोर उघडं पडलं होतं, स्पंज बाहेर आलेला. मी दारात उभा राहिलो. त्याला कळलं मी का आलोय.

"नको," तो म्हणाला.

मी म्हटलं, आज गेलं तर पुढं फार अवघड होईल.

"माहितीय. तूच सांगितलंयस सगळं."

त्याने मशीन चालू केलं, एक शिवण मारली, बंद केलं. मग म्हणाला, "अरिबा येतेय बाळंतपणाला. घरी बसून कंटाळेल, मग इकडं येईल, तुझ्या गाळ्यात. तुझ्यावर भरोसा आहे तिचा. तुला विचारेल, पाकिटातला मसाला का बंद केला. तिला माहीत असलं तरी विचारेल. आम्हाला किती माहितीय ते बघायला विचारेल."

मी म्हटलं, काय सांगू?

"चालला नाही म्हण. कुणी नेला नाही, काही नाही. चालला नाही."

"ती मला ओळखते. मी लेबलं करतो, तिला कारण लागेल."

तो उघड्या सीटवर हात ठेवून विचार करत राहिला. स्पंज दाबायचा, सोडायचा.

"मग सांग," तो म्हणाला, "लोकांना नावच आवडलं नाही."

 तो माझ्याकडे बघत होता, कात्री हातात, अगदी त्याच्या अब्बांसारखा.

"सम्या. सांगशील ना?"

"सांगीन," मी म्हटलं. "नाव वाईट होतं म्हणून चालला नाही, असंच सांगीन."

मी त्याला शब्द दिला.